तक्रार न झालेली चोरी

चोरी झाली की माणूस आधी बोंब मारतो. शेजारीपाजारी जमतात, कुणीतरी पोलीस ठाण्याचा रस्ता धरतं, पंचनामा होतो. या कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात तीन कोटी रुपये नाहीसे होतात आणि बोंब कुणीच मारत नाही. ज्याचे पैसे गेले, त्याला ते आपले होते असं सांगण्याचीच सोय नाही. घराचं दार लावून घेतलं जातं, सगळ्यांचे मोबाइल काढून घेतले जातात आणि इतकी वर्षं दाराबाहेर उभा असलेला बॉडीगार्ड आत बोलावला जातो. साहेब त्याला एवढंच सांगतात, "शोधून काढ."

त्या क्षणी त्या माणसाचं काम बदलतं. काल तो एका जिवाची राखण करत होता. आज तो तपास अधिकारी झाला आहे, पण त्याच्यापाशी ना वॉरंट, ना केस डायरी, ना कोठडी, ना न्यायालय. आपल्याच जोडीदारांची चौकशी त्याला करायची आहे. स्वतः तोही संशयितांच्या यादीत आहेच. पैसे सापडले तरी त्याचं नाव कुठे लागणार नाही. नाही सापडले तर काय होईल, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. रहस्यकथेला याहून अवघड जागा मला माहीत नाही आणि ही कादंबरी त्याच जागेवर उभी आहे.

हे सगळं लेखकाच्या डोक्यातून निघालेलं वाटू नये म्हणून एक खरं प्रकरण इथे थोडं सविस्तर सांगतो.

दक्षिण आफ्रिकेत, लिंपोपो प्रांतात, बेला-बेला गावाजवळ फाला फाला नावाचं एक फार्म आहे. तिथे रानम्हशी, हरणं अशा जनावरांची पैदास होते. मालक सिरिल रामाफोसा, देशाचे राष्ट्राध्यक्ष. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथल्या घरात चोरी झाली आणि डॉलरच्या नोटा गेल्या. रामाफोसा यांनी नंतर दिलेली हकिगत अशी : २०१९ च्या नाताळच्या दिवशी सुदानचा एक व्यापारी फार्मवर आला, त्याने रानम्हशी पसंत केल्या आणि ५ लाख ८० हजार डॉलर रोख मोजले. फार्मच्या व्यवस्थापकाने पैसे आधी तिजोरीत ठेवले. पण तिजोरीपर्यंत इतरांचाही हात पोचत होता आणि त्याला स्वतःला रजेवर जायचं होतं. म्हणून त्याने ते काढून राष्ट्राध्यक्षांच्या घरातल्या, फारशा न वापरल्या जाणाऱ्या एका खोलीतल्या सोफ्याच्या गाद्यांखाली ठेवले. राष्ट्राध्यक्षांचं घर कोण फोडणार, असा त्याचा हिशेब होता.

घर फुटलं. रामाफोसा तेव्हा आफ्रिकी देशांच्या परिषदेसाठी अदिस अबाबाला होते. बातमी कळल्यावर त्यांनी ती सांगितली आपल्या संरक्षण पथकाच्या प्रमुखाला, म्हणजे पोलीस दलातल्याच एका मेजर जनरलला. एक लाख रँडच्या वरची चोरी झाली तर ती विशिष्ट पोलीस शाखेला कळवलीच पाहिजे, असा तिथे २००४ चा कायदा आहे. पोलिसांतल्या एवढ्या वरिष्ठ अधिकाऱ्याला सांगितलं म्हणजे कळवलंच, ही रामाफोसा यांची बाजू. प्रत्यक्षात गुन्ह्याची नोंद कुठल्याच ठाण्यात झाली नाही. तपास मात्र झाला, आणि तो अंगरक्षकांच्या प्रमुखाने केला.

दोन वर्षांहून अधिक काळ बाहेर कुणाला काही कळलं नाही. मग १ जून २०२२ रोजी देशाच्या गुप्तचर संस्थेचे माजी प्रमुख आर्थर फ्रेझर जोहान्सबर्गच्या रोझबँक पोलीस ठाण्यात गेले आणि त्यांनी तक्रार दिली. गेलेली रक्कम ४० लाख डॉलरच्या वर होती, संशयितांना पकडून त्यांची परस्पर चौकशी झाली, तोंड बंद ठेवण्यासाठी त्यांना पैसे दिले गेले आणि या साऱ्यात मनी लाँडरिंगही आहे, असे त्यांचे आरोप होते. रामाफोसा यांनी ते फेटाळले. माजी सरन्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या संसदीय पॅनेलला प्रथमदर्शनी गंभीर उल्लंघन दिसलं. पण १३ डिसेंबर २०२२ ला संसदेने महाभियोगाची पुढची पायरी २१४ विरुद्ध १४८ मतांनी नाकारली. परकीय चलनाचा नियम मोडला गेला नाही, असं तिथल्या रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये सांगितलं आणि २०२४ मध्ये अभियोग विभागाने खटला न भरण्याचा निर्णय घेतला. हे सगळं नीट नोंदवणं माझं कर्तव्य आहे. आरोप आणि सिद्ध झालेला गुन्हा यांतलं अंतर रहस्यकथा लिहिणाऱ्याने तरी विसरू नये.

माझं मन अडकलं ते त्या मेजर जनरलपाशी. तिथल्या पब्लिक प्रोटेक्टर या घटनात्मक संस्थेने २०२३ च्या अहवालात रामाफोसा यांना दोषमुक्त केलं, पण संरक्षण पथकाच्या प्रमुखाने गुन्हा न नोंदवता तपास केला, हे वर्तन अनुचित ठरवलं. मालक मोकळा झाला आणि ठपका अंगरक्षकावर राहिला. त्याची चूक नव्हती असं मी म्हणत नाही. कायदा माहीत असलेल्या अधिकाऱ्याने तो पाळायलाच हवा होता. पण चार भिंतींच्या आत, देशातला सर्वांत शक्तिमान माणूस "बघ जरा" म्हणाल्यावर त्या खोलीत काय घडतं, हे कुठल्याच अहवालात येत नाही. ते लिहिण्याचं काम कादंबरीचं.

कोलंबियात याहून दुःखद घडलं. २०२३ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्षांच्या एका निकटच्या सहकारी अधिकारी बाईंच्या घरातून पैशांची बॅग गेली. मुलाला सांभाळणाऱ्या बाईवर संशय आला आणि तिला राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादाशेजारच्या इमारतीत नेऊन पॉलिग्राफ यंत्राला बसवण्यात आलं. तिचा फोनही चोरून ऐकला गेला. त्यासाठी कागदोपत्री तिला एका कुख्यात टोळीशी जोडलं गेलं होतं. प्रकरण बाहेर आल्यावर जूनमध्ये त्या अधिकारी बाई पदावरून गेल्या. काही दिवसांतच राष्ट्राध्यक्षांच्या सुरक्षेत काम करणारा एक लेफ्टनंट कर्नल बोगोटात एका मोटारीत मृतावस्थेत सापडला. ती आत्महत्या असल्याचं अधिकाऱ्यांनी सांगितलं. बॅगेत नेमके किती पैसे होते यावर वाद झाला, पण त्या बॅगेपायी एक घरकाम करणारी बाई आणि एक अधिकारी भरडले गेले, याबद्दल वाद नाही. या कादंबरीतली स्वयंपाकीणबाईंची चौकशी वाचताना कुणाला ती अतिरंजित वाटली, तर हे प्रकरण आठवावं.

आणि आपल्याकडे? एप्रिल २०२१ मध्ये केरळात, त्रिशूर जिल्ह्यातल्या कोडकरा इथे, विधानसभेच्या मतदानाच्या तीन दिवस आधी महामार्गावर एक गाडी अडवून लुटली गेली. तक्रारीत रक्कम सांगितली गेली २५ लाख. पोलिसांनी तपास केला तेव्हा गेलेली रक्कम साडेतीन कोटी असल्याचं त्यांनी सांगितलं. तक्रारीत गेलेल्या मालाची किंमत माणूस वाढवून सांगतो, हा नेहमीचा अनुभव. इथे उलटं झालं. मला वाटतं, मनी लाँडरिंग म्हणजे काय हे समजावून सांगायला एवढा एक आकडा पुरे.

तरी दोन शब्द त्या व्यवहाराबद्दल लिहायला हवेत, कारण कादंबरीचा सांगाडा त्यावर आहे. लाचेतून, खंडणीतून, बोगस बिलांतून आलेला पैसा जसाच्या तसा वापरता येत नाही. तो आधी तुकडे करून बँकेत किंवा धंद्यात शिरवतात. मग कागदावरच्या कंपन्यांमधून त्याला इतक्या वेळा फिरवतात की मूळ दिसेनासं होतं. शेवटी तो फ्लॅट, हॉटेल, कर्ज किंवा शेअरचं भांडवल अशा सभ्य रूपात मालकाकडे परत येतो. या तिन्ही टप्प्यांत कागद आहे. पण एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जाताना बऱ्याचदा एक अशी रात्र येते, जेव्हा पैसा निव्वळ नोटांच्या रूपात, एखाद्या गाडीच्या डिकीत असतो. हवालाच्या व्यवहारात पावती नसते. दहा रुपयांच्या एका नोटेचा नंबर आधी पलीकडे कळवलेला असतो आणि तीच नोट दाखवणाऱ्याच्या हाती रक्कम दिली जाते. एवढ्या विश्वासावर कोट्यवधी रुपये हलतात. त्या रात्री गाडीत पुढच्या सीटवर कोण बसतं? बॉडीगार्ड. माझी गोष्ट त्याच रात्री सुरू होते.

सिनेमात पैशांची ब्रीफकेस नायक दोन बोटांनी उचलतो. प्रत्यक्षात नोटेला वजन असतं, आणि ते या कथेत फार महत्त्वाचं आहे. पाचशेच्या शंभर नोटांचं एक बंडल म्हणजे पन्नास हजार. एक कोटीला अशी दोनशे बंडलं लागतात, म्हणजे २० हजार नोटा. एका नोटेचं वजन एक ग्रॅमच्या थोडं वर धरलं तरी कोटीमागे वीस किलोंहून जास्त ओझं होतं. तीन कोटी म्हणजे साठ-सत्तर किलो, एका माणसाच्या वजनाएवढं. दोन हजाराच्या नोटा चालत होत्या तेव्हा हेच काम पाव संख्येत भागायचं. मे २०२३ मध्ये त्या चलनातून काढून घेण्याची घोषणा झाली आणि पोत्यांचा आकार वाढला. डॉलरचं तसं नाही. शंभराच्या नोटा असतील तर फाला फालाचे ५ लाख ८० हजार डॉलर म्हणजे ५,८०० नोटा, सहा किलोंच्या आत. ते सोफ्यात मावतात. आपले तीन कोटी मावत नाहीत. कुणाच्या कमरेला लचक भरली होती, कुठल्या गाडीचा मागचा भाग खाली बसला होता, लिफ्ट बंद असताना कोण किती मजले चढला, असल्या गोष्टींतून माझ्या नायकाचा तपास पुढे सरकतो. बोटांचे ठसे घ्यायला त्याच्याकडे कुणी नाही. अंगमेहनत कशी दिसते ते मात्र त्याला कळतं.

हा नायक सातारा जिल्ह्यातला, लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. तिकडच्या गावांमध्ये घरटी एक फौजी ही जुनी परंपरा आहे. आपशिंगे गावाला तर आपशिंगे मिलिटरी असंच म्हणतात. पस्तिशी-चाळिशीत पेन्शनवर येणाऱ्या जवानापुढे अर्धं आयुष्य पडलेलं असतं. मुलांची शिक्षणं तोंडावर असतात. मग मुंबई-पुण्यातली सुरक्षा एजन्सी, आणि शस्त्राचा परवाना असेल तर एखाद्या बिल्डरच्या, सराफाच्या किंवा पुढाऱ्याच्या मागे सावलीसारखी ड्युटी. खासगी सुरक्षा एजन्सींचं नियमन करणारा कायदा २००५ चा आहे. त्याखालच्या नियमांत प्रशिक्षण आहे, ओळखपत्र आहे, गणवेश आहे. मालकाच्या पैशांची बॅग उचलायला सांगितली तर काय करावं, यासाठी मात्र त्या प्रशिक्षणात तास नाही.

अशा माणसांशी मी खूप बोललो आहे. त्यांची नावं, गावं, मालक इथे येणार नाहीत, तसा शब्द दिला आहे. त्यांच्या बोलण्यात पराक्रम फारसा नसतो. उभं राहून पायांच्या शिरा फुगतात, त्याबद्दल ते बोलतात. डबा गाडीच्या बॉनेटवर ठेवून चार घासांत संपवावा लागतो, रिलीव्हर आला नाही तर डबल ड्युटी गळ्यात पडते, गावाकडची लग्नं चुकतात. एकाने मला सांगितलं की गर्दीत तो कधीच चेहरे बघत नाही. चेहरा खोटं बोलतो, म्हणून नजर हातांवर ठेवायची. खिशातून बाहेर येणारा हात, शालीखाली गेलेला हात, हस्तांदोलनाला उशीर करणारा हात. हे त्याने चहाच्या टपरीवर उभं राहून सांगितलं आणि बोलताना त्याची नजर माझ्या हातांवरून हलली नव्हती. कादंबरीत नायक सोबत्यांची चौकशी करतो ते प्रकरण मी त्या संध्याकाळनंतर सगळं नव्याने लिहिलं. त्यात कुणाच्या चेहऱ्याचं वर्णन नाही.

बॉडीगार्डला सगळं दिसतं. साहेबांची रक्तदाबाची गोळी कधी चुकली, बाईसाहेब कुणाच्या फोननंतर गप्प होतात, कुठल्या घरी जाताना ड्रायव्हर बदलला जातो, हे त्याला माहीत असतं. आणि त्याला काही दिसत नाही असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं, म्हणून त्याच्यासमोर मोकळेपणाने बोललं जातं. हे माहीत असणंच त्याच्या मुळावर येतं. २००२ च्या मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्यात पैसा ज्याचा त्याच्यापुरताच गुन्हा थांबत नाही. जाणूनबुजून मदत करणाराही त्यात येतो, आणि शिक्षा तीन ते सात वर्षांच्या सक्तमजुरीची आहे. बॅग उचलणाऱ्याला बॅगेत काय आहे हे माहीत होतं का, हा प्रश्न मग साऱ्या खटल्याचा कणा होतो. मालकाकडे नामांकित वकील असतो. बॅग उचलणाऱ्याकडे बहुतेक वेळा एक पासबुक आणि गावाकडचं घर असतं. मला याची मनापासून चीड आहे आणि ती या कादंबरीत लपलेली नाही.

राखणदार आणि पैसा यांचं नातं जुनं आहे. इसवी सन १९३ मध्ये रोमच्या प्रीटोरियन गार्डने सम्राट पर्टिनॅक्सला मारलं आणि सिंहासनाचा चक्क लिलाव केला. दिदियस ज्युलियानसने सर्वांत मोठी बोली लावून ते घेतलं. आपल्याला इतकं लांब जायची गरज नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवात, शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला तो गारद्यांकडून, ज्यांच्याकडे वाड्याचा पहारा होता त्यांच्याकडून. थकलेल्या पगाराची मागणी हे त्यांच्या दंग्याचं उघड कारण होतं. कटाची सूत्रं राघोबादादांच्या बाजूने कशी हलली, रामशास्त्र्यांनी काय निवाडा दिला, हे शाळेत सगळे शिकतात. पगार थकलेला पहारेकरी हा त्या गोष्टीतला भाग मात्र आपण झरकन ओलांडतो. दुसऱ्या बाजूला प्रतापगडावरचा जिवा महाला आहे. सय्यद बंडाचा वार त्याने वरच्या वर अडवला आणि त्याचं नाव म्हणीत जाऊन बसलं. मराठी मनात अंगरक्षकाच्या या दोनच मूर्ती आहेत, गारदी आणि जिवा. मधल्या माणसाला, जो निष्ठावान आहे पण कुणासाठी आणि कशासाठी या प्रश्नाने झोप गमावून बसला आहे, आपल्या गोष्टींत जागा फार थोडी मिळाली.

मराठी रहस्यकथेचंही तसंच. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तकं लिहिली आणि झुंजार, काळा पहाड घराघरांत नेले. त्यांच्यामुळे वाचायला लागलेल्यांच्या पिढ्या आहेत. सुहास शिरवळकरांनी दारा बुलंद, फिरोज इराणी, बॅरिस्टर अमर विश्वास दिले. या सगळ्यांचं ऋण माझ्यावर आहे, आणि प्रकरण कुठे तोडावं हे मी शिरवळकरांकडून शिकलो. पण ते नायक गुप्तहेर, वकील, साहसी वीर. दारावरचा माणूस त्या कथांमध्ये बहुधा आधी बेशुद्ध पडतो आणि विसरला जातो. अंगरक्षकालाच बोलतं करण्याचं धाडस मला मिळालं ते दक्षिण आफ्रिकेच्या डिऑन मेयर यांच्यामुळे. त्यांनी २००७ मध्ये आफ्रिकान्स भाषेत लिहिलेल्या कादंबरीचा नायक लेमर हा अंगरक्षक आहे. पूर्वी मंत्र्यांच्या संरक्षणात असलेला, रागाच्या भरात एक माणूस मारून तुरुंग भोगून आलेला, स्वतःवर नियमांचा लगाम घालून जगणारा. तो स्वतःच्या तोंडाने गोष्ट सांगतो. माझा हवालदार लेमरसारखा नाही. त्याच्याकडे नियम नाहीत, फौजेतली सवय आहे. पण गोष्ट तोही स्वतःच सांगतो.

त्यामुळे वाचकांना काही ठिकाणी अडखळायला होईल. हवालदाराला जे दिसलं नाही ते या पुस्तकात नाही. पैशाचं मूळ कुठलं, कुठल्या मंत्रालयातून कुठली फाइल हलली, याचा उलगडा त्याच्यापर्यंत जितका पोचतो तितकाच वाचकाला मिळेल. बंद दारामागचं संभाषण त्याने ऐकलं तेवढंच आहे, आणि मधेच लिफ्ट आली तर तिथेच तुटलेलं आहे. मूळ खर्ड्यात मी सक्तवसुली संचालनालयाच्या अधिकाऱ्याच्या नजरेतून काही प्रकरणं लिहिली होती, ती नंतर काढून टाकली. त्यांच्यामुळे हिशेब स्वच्छ लागत होता आणि हवालदार लहान होत होता.

पेटी म्हणजे लाख आणि खोका म्हणजे कोटी, हे मुंबईत कुणाला सांगावं लागत नाही, पण इतर ठिकाणच्या वाचकांसाठी इथे सांगून ठेवतो. पात्रं हे शब्द सर्रास वापरतात आणि मी ते बदललेले नाहीत. पात्रं, कंपन्या, इमारती काल्पनिक आहेत. फाला फाला, बोगोटा आणि कोडकरा कादंबरीत कुठेही येत नाहीत. पण त्या सोफ्याच्या गाद्या, पॉलिग्राफसमोर बसवलेली ती बाई आणि तक्रारीतले ते २५ लाख लिहिताना सतत माझ्यासोबत होते, म्हणून त्यांची हकिगत आधी इथे मांडली. तीन कोटींपैकी किती सापडले, हे शेवटच्या प्रकरणात आहे. उरलेले कुठे गेले याचं उत्तर हवालदाराला माहीत आहे आणि ते त्याने कुणाला सांगायचं ठरवलं, यावरून वाचकांचं माझ्याशी भांडण होईल. मी त्या निर्णयाच्या बाजूने आहे.